सांदवाडीतलं अर्थिंग

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. शहापूर.

पोचलो एकदाचे! भंडारा रोड स्टेशन म्हणजे वरठी, हे गाडी थांबेपर्यंत मला पटतच नव्हतं. यांचा कारखाना वरठीलाच, पण भाड्याने घर मिळालं ते इथे, हायवेला लागून. रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन करणार म्हणाले. मी म्हटलं, करा बापडे.

ट्रंकेत साड्या चार आणि कॉम्प्युटर एक. रात्रभर गाडीत मी पाय आखडून बसले होते, कारण ट्रंक पायाशी होती आणि हमालाच्या हाती देणं मला मंजूर नव्हतं. समोरच्या आजोबांनी विचारलं, टीव्ही आहे का. मी हो म्हणून टाकलं. भोसरीच्या कंपनीत चार वर्षं बोर्डांवर सोल्डरिंग करून, दोन वर्षं सुटे भाग जमवून, पत्र्याचा डबा रास्ता पेठेतल्या माणसाकडून बनवून घेऊन मी हे यंत्र घरात उभं केलं आहे. ते काय आजोबांना सांगत बसणार? हे त्याला माझी सवत म्हणतात.

घर कवेलूंचं (आपली कौलं), पुढच्या अर्ध्यात मालकीणबाई, मागच्या दोन खोल्या आमच्या. खोलीच्या मागच्या दाराबाहेर मोकळी जागा, मुनग्याचं म्हणजे आपल्या शेवग्याचं झाड, विहीर. याला इथे सांदवाडी म्हणतात. मालकीण शकुनबाई, पन्नाशी उलटलेल्या, उंच, विधवा, एकट्याच राहतात. आल्याआल्या गरम भात आणि वांग्याची झणझणीत भाजी वाढली. जेवता जेवता माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "सातवा ना वो? पोरगाच हाये, मी सांगतो." इथे बायकाही 'मी सांगतो' म्हणतात, मला फार गोड वाटलं. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं.

आई नसल्यामुळे माहेरपण नाहीच. बाळंतपण इथेच होणार, भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे. थोडी भीती होती ती आज निम्मी गेली.

१६ नोव्हेंबर, बुधवार

टेबल मांडलं, मशीन जोडलं, उदबत्तीसुद्धा लावली (शकुनबाईंचा आग्रह). बटण दाबलं. काही नाही! पंखा जेमतेम एक झटका मारतो आणि थांबतो. पडदा काळा.

पुण्यात महिनाभर उत्तम चालत होतं. म्हणजे प्रवासात काहीतरी हललं. उद्या बघते. शकुनबाई दारातून बघत होत्या. "रुसलं काय वो?" म्हणाल्या. बरोबर शब्द.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस पदर खोचून बसले आहे. फ्यूज ठीक. बटण ठीक. वायर ठीक. सगळी कार्डं काढून पुन्हा बसवली, फ्लॉपीची तार काढली, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली बेकलाइटच्या चकत्या घातल्या. पॉवर सप्लाय वेगळा काढून त्याला मोटरसायकलचा बल्ब जोडला, तर लख्ख पेटला. बोर्ड वेगळा टेबलावर ठेवून मीटरने तपासला, कुठेही शॉर्ट नाही. सुटं सुटं सगळं शहाणं, आणि एकत्र आणलं की तोंड मिटून बसतं. अगदी आमच्या काकांचं घर.

एक गोष्ट मात्र सापडली. डब्याला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा लागतो. घरात वायरिंग दोन पिनांचं, अर्थिंगचा पत्ताच नाही. तसल्या डब्याला मी दिवसभर पोट टेकवून काम करतेय! हे चिडले. मशीन ट्रंकेत घाल, बाळ झाल्यावर बघ, म्हणाले. त्यापेक्षा मी अर्थिंग करते म्हटलं. अर्थिंग नाही म्हणून मशीन सुरू होत नाही असं नसतं, हे मलाही कळतं. पण ते नसताना त्याला हात लावणं आता बरं नाही. बाळासाठी तरी करायलाच हवं.

२० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस माझा!

शकुनबाई काल बहिणीकडे लाखनीला गेल्या आहेत, धानाची कापणी आहे म्हणून. यांची आज कारखान्यात दिवसपाळी. शेजारच्या गावचा सोमाजी नावाचा मजूर सकाळी खड्डा खणायला आला. जागा मीच दाखवली, मुनग्याखाली, कारण तिथून माझी खिडकी पाच हातांवर आणि न्हाणीचं पाणी तिकडेच मुरतं. ओल असेल तितकं अर्थिंग चांगलं. माती इतकी भुसभुशीत की तास-दीड तासात सोमाजी कमरेइतका खाली गेला.

मग थांबला. म्हणाला, "बाई, इथं कोनं पहिलेच मीठ टाकलं हाये." खरंच, मातीत पांढरट खडे होते, आणि कुजलेल्या फडक्याची एक चिंधी. मला हसूच आलं. अर्थिंगच्या खड्ड्यात आपण मीठ आणि कोळसाच भरतो, म्हणजे माझ्याआधीही इथे कुणीतरी जाणता माणूस राहून गेला होता! सोमाजी म्हणाला, दुसरीकडे खणू. मी म्हटलं, अरे, आयती जागा मिळाली आहे, खण तू. त्याने काही सांगायला तोंड उघडलं आणि मी घाईत त्याला गप्प केलं.

नळाचा पाइप, तांब्याची पट्टी, दहा किलो जाडं मीठ, लोहाराकडचा कोळसा. वर पाणी ओतायला नरसाळं. सोमाजीने चहा घेतला नाही. अंगावरच्या कपड्यांसकट विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलाच निघून गेला. या थंडीत! इथली माणसं मजेशीर आहेत.

दुपारी दोनला तार जोडली. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला, लख्ख, म्हणजे अर्थिंग पक्कं. डब्याच्या मुंग्या बंद. आणि सहज म्हणून बटण दाबलं, तर मशीन सुरू! पंखा, बीप, पडद्यावर हिरवा कर्सर. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले. कारण कळलं नाही, पण आज कारण कोण विचारतो.

२३ नोव्हेंबर, बुधवार

शकुनबाई आज आल्या. मी कौतुकाने खड्डा दाखवला. त्यांनी वाकून विचारलं, "यात मीठ टाकलं काय?" मी हो म्हटलं, दहा किलो. त्या तिथेच खाली बसल्या आणि हाताने माती चाचपत राहिल्या. मला वाटलं, न विचारता अंगण खणलं म्हणून राग आला. मी माफी मागितली. बुजवून टाकू का, विचारलं. तर एकदम म्हणाल्या, "नोको! बुजवू नोको." आणि रोज पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलं. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या लाथा मोजायच्या. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. आज वीस मिनिटांतच दहा! फुटबॉलपटू आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

मशीन पुन्हा नखरे करतंय. कधी एका दाबात सुरू, कधी तासभर मेलेलं. मी वेळा लिहून ठेवायला लागले, शिस्तीने. व्होल्टेजशी संबंध नाही. गरम-थंडशीही नाही.

लाथांची नोंदही त्याच कागदावर करते. हे आज तो कागद बघून म्हणाले, तुझी सवत आणि माझं पोरगं आळीपाळीने जागतात वाटतं. मी बघितलं. खरंच की. मशीन चालू आहे त्या वेळात लाथ एकही नाही. लाथा आहेत त्या वेळात मशीन मेलेलं.

कामात असले की लाथ जाणवत नसेल. दुसरं काय.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरोखर तपासलं. मशीन चालू करून काही काम न करता नुसती बसले, दोन्ही हात पोटावर ठेवून. दीड तास. एकही नाही. पोट दगडासारखं. मशीन बंद केलं. मिनिटभराने लाथ, मग लाथांवर लाथा, पाण्यातून वर आल्यावर माणूस श्वास घेतं तशा.

मी घाबरले आहे, लिहायला लाज कशाला. यांना सांगितलं. यांनी प्लग काढून ठेवला आणि भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके उत्तम आहेत, विश्रांती घ्या, यंत्रबिंत्र पुरे. पुरेच. आता मला ते नकोच आहे. बाळ सुखरूप हवं, बाकी काही नको.

२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारचे दोन. लाइन गेली. डोक्यावरचा पंखा थांबला, शेजारचा रेडिओ थांबला.

मशीन चालू झालं.

प्लग काढलेला आहे. मी पुन्हा पुन्हा बघितलं. प्लग माझ्या समोर, टेबलावर. डब्यातून एकच तार बाहेर जाते, खिडकीतून मुनग्याखाली. हिरवा कर्सर लुकलुकतोय. पोट गप्प आहे.

मी बाहेर धावले. शकुनबाई नरसाळ्यात तांब्या रिता करत होत्या. पाणी नव्हतं. दूध होतं.

२ डिसेंबर, संध्याकाळ

सगळं विचारलं. त्यांनी सांगितलं, शांतपणे, तांदूळ निवडता निवडता.

त्यांचा पहिला मुलगा. नऊ दिवसांचा होऊन गेला, नाव ठेवायच्या आधीच. एकोणतीस वर्षं झाली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात. वैनगंगेला पूर होता, घाटावर जाता येईना, म्हणून सासऱ्यांनी सांदवाडीतच पुरलं. वर कुणी रडायचं नाही, असं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पुढे मूल झालं नाही.

मी मीठ बघून हसले होते. देवा, मी हसले होते.

मी त्यांचे पाय धरले. तार तोडते म्हटलं, खड्डा पहिल्यासारखा करते, तुम्ही म्हणाल ती शांत करू. त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, "काहून तोडतं वो? बाबू जागा झाला. भुका हाये तो."

आणि तार धरून बसल्या. हे आले तरी उठेनात.

५ डिसेंबर, सोमवार

हे म्हणतात, घर सोडू. महिनाअखेरीला कारखान्याची खोली मिळेल वरठीला. महिनाअखेर! मी आजच चला म्हटलं. म्हणाले, या दिवसांत कुठे नेऊ तुला, धर्मशाळेत? चिडले मी, भांडले. मग तेही रडवेले झाले. यांनाही काही सुचत नाही.

आता मशीन दुपारभर चालू असतं. बंद होत नाही. लाथा सकाळी चार. दुपारी शून्य. रात्री तीन.

शकुनबाई खिडकीशी बसून बाबूशी बोलतात. त्यांना रडणं ऐकू येतं म्हणे. मला फक्त पंख्याची घरघर.

७ डिसेंबर, बुधवार

सकाळी दोन. दुपारी शून्य. रात्री एक. हळू.

अर्थिंगमधून वीज जमिनीत उतरते. ती उलटी चढत नाही. मी चार वर्षं हेच शिकले, हेच कंपनीतल्या नव्या पोरींना शिकवलं. पण त्याला चालायला काहीतरी लागतंच ना. सप्लायमधून नाही येत. मग कुठून येतं? कुणाचं कमी होतंय ते मी रोज कागदावर मांडतेय.

उद्या तार तोडणार.

८ डिसेंबर, गुरुवार

शकुनबाई देवळात गेल्या तेवढ्यात तोडली. यांनी पक्कड धरली, मी सांगितलं कुठे. पंखा थांबला. कर्सर विझला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि हे माझ्या पोटावर कान ठेवून वाट बघत राहिले.

तासभर. दोन तास.

काहीच नाही.

८ डिसेंबर, दुपार

शकुनबाई आल्या. तुटलेली तार बघितली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो तिथं नाही आता. तुये मशीनपाशी हाये. आंधारात हाये. वाट दे त्याले."

हे डॉक्टरीणबाईंकडे न्यायला जीप शोधायला गेले आहेत. हायवेवर एखादी मिळेल.

लाथ नाही. डावी कूस, उजवी कूस. गूळपाणी प्याले. नाही. नाही.

उठताना तोल गेला. डब्यावर हात पडला. मुंग्या. आधीसारख्या, त्याहून जास्त, खांद्यापर्यंत, खाली पोटापर्यंत —

आणि मशीन सुरू झालं. आणि पोटात लाथ.

हात काढला. दोन्ही बंद.

हात ठेवला. दोन्ही चालू.

अनवाणी उभी आहे, फरशी ओली आहे. तार तोडली म्हणजे वाट बंद होत नाही. दुसरी वाट सापडते. सगळ्यात सोपी. ती मी आहे.

८ डिसेंबर, थोड्या वेळाने

डावा हात डब्यावर. उजव्याने लिहितेय. काढला तर बाळ थांबतं. काढणारच नाही. हे येईपर्यंत असाच. जीपमध्ये मशीन घेऊ, मांडीवर घेईन, लोक हसोत.

नऊ लाथा. दहा. दहा झाल्या! जिवंत आहे. माझं बाळ जिवंत आहे.

पण लाथ वेगळी लागते. माझं बाळ डावीकडे, बरगडीखाली मारायचं. ही खाली आहे. हळू. चाचपल्यासारखी.

वळलं असेल. आठव्या महिन्यात वळतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. वळलं असेल —

८ डिसेंबर

शकुनबाई आत आल्या. समोर बसल्या. हातात पक्कड. मला वाटलं तार जोडायला आल्या. नाही. म्हणाल्या, "उचल हात. आता मशीनचं काम नाही."

याच बाईंनी ती तार तोडू दिली नव्हती. पंधरा दिवस दूध घातलं. आता म्हणतात मशीन नको.

नाही उचलणार.

त्यांनी माझी बोटं सोडवली. एक एक. हळुवार, आईसारखी. मला ताकद नाही.

हात सुटला. मशीन बंद. कर्सर गेला. मी डोळे मिटले, पोट थांबायची वाट बघत.

थांबलं नाही. लाथ. अजून एक. जोरात. देवा, चालू आहे, मशीनशिवाय चालू आहे! मी रडले. बाळा म्हटलं, हाक मारली.

काही नाही.

पुन्हा हाक मारली. पोटावर हात फिरवला, गाणं म्हटलं. काही नाही. बाहेर जीपचा आवाज. हे आले वाटतं. मी अजून एकदा —

शकुनबाई वाकल्या. पोटापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, बाबू.

लाथ.

बाबू, माया राजा.

लाथ, लाथ. तिकडेच, त्यांच्या आवाजाकडे. मग माझं कुठे आहे — बरगडीखाली बघते, दाबून बघते, असेल, अजून असेल, तिथे काहीतरी अगदी हळू —